आधी पाणी, मग स्निग्धता



आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. तरीही शरीरातलं पाणी आत राखायचं आणि जंतू, धूळ, साबण यांना बाहेर थोपवायचं, हे काम मुख्यतः हाच थर करतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं यांचं मिश्रण म्हणजे मधला चुना. कडक साबण, गरम पाणी, कोरडी हवा आणि वाढतं वय यांनी हा चुना झिजतो. मग पाणी निसटायला लागतं, त्वचा ओढल्यासारखी होते, खाजते, शेवटी भेगाळते.

अशा वेळी आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. १९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने तेलानेच त्वचा मऊ होते या समजुतीची परीक्षा घेतली. पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे त्याने वेगवेगळ्या स्निग्ध पदार्थांत ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र मऊ झाले. कोरडी त्वचा पाण्याला आसुसलेली असते. स्निग्ध पदार्थाचं मोठं काम ते पाणी उडू न देण्याचं. आज संध्याकाळी मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

बाजारातलं कुठलंही मॉइश्चरायझर उचला, त्यात कमीअधिक प्रमाणात तीन प्रकारची द्रव्यं सापडतील. ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक आम्ल ही पाणी धरून ठेवणारी. काही तेलं आणि सेरामाइड पेशींमधल्या फटी भरणारी. आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वरून पाणी अडवणारे. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचे पदार्थ आजही फार थोडे आहेत, आणि ते स्वस्त आहे. हा स्वस्तपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. इसब असलेल्या लहान मुलाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो मॉइश्चरायझर लागू शकतं. तिथे पन्नास ग्रॅमची महागडी डबी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा साधं मलम भरपूर लावलेलं कधीही चांगलं.

लावायची वेळ मात्र सांभाळा. अंघोळ झाली की अंग खसाखसा न पुसता पंचाने नुसतं टिपायचं आणि ओलसरपणा आहे तोवरच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. आपल्याकडे तेल लावतात ते अंघोळीच्या आधी. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग मलाही प्रिय आहे. पण पाठोपाठ उटणं आणि साबण येतो आणि बरंचसं तेल मोरीत जातं. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी अंघोळीनंतर पुन्हा हात फिरवायलाच हवा.

तेल कुठलं, हाही प्रश्न आहेच. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण मुरुमांच्या चेहऱ्याला नको. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल नियमित लावलं, तेव्हा त्यांच्यातला जंतुसंसर्ग घटला. २००५ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्वचेची भिंत सावरणं ही जीव वाचवण्याच्या कामातली गोष्ट असू शकते, हे त्या बाळांनी दाखवून दिलं.

आपल्या कोकणात कोकमाच्या बियांतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी थंड झाली की तिचे मुठीने गोळे वळतात. हे मुठेल जरासं गरम करून टाचेच्या भेगांत भरण्याची रीत जुनी आहे. तेच कोकम तेल आज महागड्या क्रीममध्ये ‘बटर’ म्हणून विकलं जातं. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी पाय आधी कोमट पाण्यात बुडवावेत, टिपावेत, मग ते लावावं. फरक जाणवेल.

कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांना हीच शिस्त शिकवली जाते. मज्जातंतू निकामी झाले की त्या भागाला घाम येत नाही, कातडी वाळते आणि चिरते. दुखत नसल्याने चीर कळत नाही, तिच्यातून जंतू शिरतात आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोज वीसेक मिनिटं पाय पाण्यात ठेवायचे, घट्ट झालेली कातडी हलक्या हाताने घासायची आणि पाय ओले असतानाच तेल किंवा व्हॅसलिन लावायचं. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांसाठी तपोवन आणि आनंदवन उभं राहिलं, तिथे तरी मॉइश्चरायझरला नटण्यामुरडण्याची वस्तू म्हणून बाजूला सारू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता फेस मास्क, म्हणजे लेप. मॉइश्चरायझर ही रोजची गरज आहे, लेप हौसेचा. हौस जरूर करावी, फक्त त्याच्याकडून काय मिळतं ते ओळखून. मुलतानी माती चेहऱ्यावरचं तेल शोषते, म्हणून तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा ती बरी वाटते. पण ती तडकेपर्यंत बसून राहू नका. किंचित ओलसर असतानाच धुवा आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. मुळातच कोरड्या चेहऱ्याला ती नकोच. द्रावात भिजवलेला कागदी किंवा कापडी मास्क पंधरा-वीस मिनिटं पाण्याचं बाष्पीभवन थांबवतो. चेहरा टवटवीत दिसतो, तो काही तासांपुरता. वर क्रीम लावलं नाही तर तेही पाणी जातं.

लेपात लिंबू पिळण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. त्वचेचा सामू साधारण पाच, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. ही आम्लता त्वचेला सोसत नाही. त्यात लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग उमटू शकतात. डाग घालवायला लावलेला लेप नवे डाग देतो, आणि ते जायला महिने लागतात.

याहून गंभीर प्रकार म्हणजे शेजारणीने सांगितलेली, चिठ्ठीशिवाय आणलेली ‘नाइट क्रीम’. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरुम उसळतात, आणि क्रीम थांबवलं की आग होते. त्वचेवर लावायची स्टेरॉइड औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं तर ते मॉइश्चरायझर नव्हे. मात्र बरेच दिवस वापरत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

श्रोत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक महत्त्वाची आहे: मधुमेह असलेल्यांनी पायांना क्रीम लावावं का? जरूर लावावं, रोज लावावं. टाचांना, तळव्यांना, पावलाच्या वरच्या बाजूलाही. फक्त बोटांच्या बेचक्यांत लावू नका. तिथे ओल साचते, चिखल्या होतात. बेचक्या रोज कोरड्या पुसा, आणि पुसताना तिथे पांढरी, भिजलेली कातडी किंवा चीर दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.