पहार किती खाली जाते?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत रेवदंडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे कर्जाचे प्रस्ताव आहेत. त्यातले बरेचसे वरकस जमिनीवर आंबा-काजू लावायचे किंवा शेळ्या घ्यायचे आहेत. हप्ता, व्याज हे सगळं हिशोबवाल्या ताई सांगतीलच. मी फक्त मातीबद्दल बोलणार आहे. माती चांगली की वाईट हेही नाही, ती किती खोल आहे एवढंच.

ज्या ताई वाडीत राहतात त्यांना हा प्रश्न पडतच नाही. नारळ-सुपारीची रेताड जमीन, फावडं मारलं की खाली जातच राहतं. डोंगराच्या उतारावर तसं नाही. तिथं वर चार बोटं नाहीतर वीतभर माती, खाली मुरूम, आणि त्याच्याखाली दगड. हिरवं असतं तोवर वरून काही कळत नाही.

दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. आपल्या जिल्ह्यात कितीतरी शेतकरी भात काढल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. फलटणकडची ही माणसं एवढा घाट उतरून का येतात? फलटण, माण, सांगोला या भागात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण पाऊस कमी एवढंच कारण नाही. तिथल्या माळरानावर माती उथळ आणि खाली कडक थर, कुठं मुरूम, कुठं चुनखडीचा. गवताची मुळं त्या थरावर जाऊन अडतात आणि आडवी पसरतात. पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत गवत वाळतं. मग मेंढ्यांना चारायचं काय? म्हणून ते चालत निघतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं तर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आम्हाला माणची गोष्ट कशाला? तर हिशोब बघा. शेतीखातं २२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी मातीला उथळ म्हणतं. २२.५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक वीत. (माझी वीत थोडी कमी भरते, तुमचीही मोजून ठेवा.) वीतभर मुरमाड मातीत झाडाला वापरता येईल असं पाणी मावतं साधारण २० ते २५ मिलिमीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तरी मातीत राहणार तेवढंच, बाकीचं उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत. कळशी लहान असेल तर नळाला पाणी कितीही येऊ दे. आणि ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडतं. म्हणजे पाच-सहा दिवसांची शिल्लक! पुढचे सात महिने झाडानं काय करायचं?

मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला चौलचा डोंगर चढतो ना आपण, तेव्हा आजूबाजूच्या उतारावरचं गवत बघत जा. पिवळं पडलेलं असतं. पाऊस जाऊन फार तर दोन महिने झालेले असतात. डिसेंबरनंतर आपली वरकससुद्धा माणसारखीच असते.

हे एवढं खोलात सांगायचं कारण, कलमं मेली की बोल बायकांना लागतो. "पाणी घातलं नसेल", "गटातल्या बायका, त्यांना काय जमतंय". मी हे बैठकांमध्ये माझ्या कानांनी ऐकलंय. डोक्यावर हंडे वाहून पाणी घातलेल्या ताईंनासुद्धा हेच ऐकावं लागतं. कलम मार्चमध्ये वाळतं, पण खरं तर ते जिथं लावलं तिथंच त्याचं मरण ठरलेलं असतं. आणि हप्ता काही वाळत नाही.

आंब्याला मीटरभर खड्डा घ्या असं सगळीकडे सांगतात, ते बरोबर आहे. पण कडक थरात नुसता खड्डा खणून भरला की तो घमेल्यासारखा होतो. जुलैत त्यात पाणी साचून मुळं कुजतात. त्यातून वाचलं तर मुळं कुंडीतल्यासारखी गोल फिरत राहतात, कारण खड्ड्याच्या भिंतीतून ती पुढं जात नाहीत. म्हणून तळ पहारीनं फोडायचा, भेगा पडल्या पाहिजेत. उताराच्या बाजूनं पाणी निघायला वाट ठेवायची. तळ फुटतच नसेल, पहार टणटण वाजून उलटी येत असेल, तर त्या जागी कलम लावायचंच नाही. अनुदान मिळतंय म्हणूनसुद्धा नाही.

मग त्या जमिनीचं करायचं काय? गवत राखायचं. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल. तिथं पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी, जमीन अशीच हलकी. गावानं मोकाट चराई बंद केली, समतल चर काढले आणि गवत कापून आणायचं ठरवलं. चारा वाढला, त्याच्यावर दूध वाढलं. चराई थांबली नाही की पवन्यासारखं चांगलं गवत आधी संपतं आणि कुसळी उरते. पिकलेली कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. आणि गवत गेलं की ती वीतभर मातीही पहिल्या सरींनी खाली जाते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती कुठल्याही कर्जानं परत आणता येत नाही.

शेळ्यांच्या प्रस्तावांवर माझं म्हणणं म्हणून एवढंच: शेळ्या किती हे ठरवण्याआधी एप्रिल-मेचा पाला कुठून येणार ते लिहा. डोंगरावर चरतील, असं लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही. खाचराच्या बांधावर माती खोल असते. तिथं शेवरी लावता येते, तेवढी आधी लावू या. पशुसखी ताई त्यात मदत करतील.

भाताच्या खाचरातही एक कडक थर असतो बरं का. तो आपणच दरवर्षी चिखलणी करून वीतभर खाली तयार करतो. भाताला तो हवाच, पाणी त्याच्यामुळं ठरतं. पण भातानंतर वाल-पावटा घेताना मुळं तिथं अडतात, हे लक्षात असू द्या.

बऱ्याच जणींकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. ही योजना २०१५ ला सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू असं सगळं त्यात आहे. पण माती किती खोल आहे, हा रकानाच तपासणीत नाही. त्याला प्रयोगशाळा लागतही नाही. पहार घ्यायची, जमिनीवर तिरकी चालत पाच ठिकाणी ठोकायची, आणि कुठं वीत, कुठं हात गेली ते वहीत लिहायचं. वीतभराच्या आत अडली तर गवत. वीत ते हात, म्हणजे ४५ सेंटिमीटरपर्यंत गेली, तर एक खड्डा खणून खालचा थर फुटतो का ते बघायचं. हाताच्या पुढं गेली तर कलमांचा विचार करायला हरकत नाही.

पहिला पाऊस झाल्यावर जमीन मऊ असते, तेव्हा हे काम सोपं. मात्र एक करा, मऊ लागली म्हणून फसू नका, अडेपर्यंत ठोका. ज्या गटांचे प्रस्ताव वरकस जमिनीचे आहेत, त्यांच्या जमिनीवर मी आणि कृषिसखी ताई येतो. आमच्याकडं पहार एकच आहे. दोन-तीन जणींनी घरची आणली तर एका सकाळी चार जमिनी होतील. दिवस कोणता ठेवायचा, ते आत्ताच सांगा, म्हणजे ठरावात लिहून घेऊ.