एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे : शरीराची मधली मशागत

(शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे पिकांप्रमाणे खेळांनाही हंगाम असतात. शाळा उघडल्या आणि पाऊस स्थिरावला की ओल्या मैदानावर फुटबॉल आणि कबड्डी सुरू होते. श्रावण-भाद्रपदात शालेय स्पर्धांची घाई उडते. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत कबड्डी-खोखोचे संघ दिवाळीपर्यंत गुंतलेले असतात. थंडी पडली की धावणे, उड्या आणि फेकी यांच्या मैदानी स्पर्धा येतात. सुगी आटोपून शिवारे मोकळी झाली की टेनिसच्या चेंडूवर क्रिकेटचे सामने भरतात, आणि चैत्रात जत्रांबरोबर कुस्त्यांचे फड लागतात. जिल्ह्याजिल्ह्यांत या क्रमात थोडाफार फरक पडेल. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखीच आढळते. गावातील जो मुलगा चपळ असतो, जी मुलगी काटक असते, ती एकाच वर्षात तीन-चार खेळांत उतरतात. एका खेळातून दुसऱ्या खेळात जाताना त्यांच्या शरीराची जी तयारी व्हावयास हवी ती होते की नाही, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खरिपाचे पीक निघाल्यावर तो रान तसेच ठेवून रब्बीची पेरणी करीत नाही. कुळवाच्या पाळ्या देतो, ओल पाहतो, मगच पाभर जोडतो. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण रविवारी कबड्डीचा अंतिम सामना खेळवतो आणि बुधवारी त्याच मुलाला १५०० मीटरच्या शर्यतीत उभे करतो. ‘त्याचे अंग तयारच आहे,’ असे आपण म्हणतो. अंग तयार असते हे खरेच. ते कशासाठी तयार आहे, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

शरीराने एका खेळात मिळवलेल्या काही गोष्टी दुसऱ्या खेळात बरोबर येतात. हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता ही त्यांतली प्रमुख. फुटबॉलमध्ये कमावलेला दम मैदानी शर्यतीत उपयोगी पडतोच. हा दम दोन ते चार आठवडे व्यायाम पूर्ण थांबला तर घसरू लागतो. म्हणून दोन हंगामांच्या मध्ये मुलांनी अगदी अंथरुणाला पाठ लावून राहावे, असेही मी म्हणणार नाही. परंतु स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा, आणि खुद्द हाड, ही तिन्ही ज्या कामाला जुंपली जातात त्याच कामापुरती घडतात. शिवाय त्यांच्या घडण्याची गती सारखी नसते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. कंडरेला महिने लागतात. हाडाची रीत तर आणखीच निराळी. नवा भार पडू लागला की हाड प्रथम आपला जुना भाग खरवडून काढते आणि मग त्या जागी नवा भरते. हे एक आवर्तन पुरे व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात, आणि खरवडणे झाले आहे पण भरणे व्हायचे आहे अशा मधल्या काळात ते हाड उलट नाजूक असते. नव्या खेळाच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत नडगीला केसासारखी चीर पडण्याचे हे मोठे कारण होय. मुलाला वाटते, आपल्या पायांत जोर आला आहे. जोर स्नायूंत आलेला असतो. हाड मागे राहिलेले असते.

खोखोचेच उदाहरण घेऊ. खोखोच्या मैदानाची लांबी २७ मीटर आहे. आक्रमक चौकात बसतो, खो मिळताच झटकन उठतो, एकदा घेतलेली दिशा बदलू शकत नाही, आणि अंग पुढे झोकून गडी टिपतो. संरक्षक नागमोडी पळतो, दर दोन-चार पावलांवर वळतो. या खेळात गुडघे, घोटे आणि मांडीचा पुढचा भाग विलक्षण तयार होतो. पण सरळ रेषेत धावताना पूर्ण वेग गाठायला ३० ते ५० मीटर अंतर लागते, आणि तेवढी मोकळी धाव खोखोपटूच्या वाट्याला सामन्यात क्वचितच येते. तीच मुलगी डिसेंबरात १०० मीटरच्या शर्यतीला उभी राहिली म्हणजे तिची टांग लांब पडते, आणि पुढे फेकलेला पाय आवरण्याचे काम मांडीच्या मागच्या स्नायूंवर, म्हणजे धोंडशिरेवर येते. लांबलेल्या अवस्थेत ताण सोसण्याची सवय त्या स्नायूला नसते. ७० मीटरच्या आसपास मुलगी मांडी धरून खाली बसते, आणि आपण म्हणतो, नशीब!

कबड्डीकडून क्रिकेटकडे जाणाऱ्या मुलांत निराळा प्रकार दिसतो. ३० सेकंदांची चढाई, पकडीतला जोर, घोट्याला पडलेली मिठी सोडवण्याची धडपड यांतून मुलाचे खांदे आणि कंबर दणकट होतात. तो गावच्या संघात जलद गोलंदाज होतो, कारण सर्वांत दणकट तोच असतो. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दणका त्या पायातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली आणि एका बाजूला पिळलेली असते. वाढत्या वयाच्या जलद गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला जी बारीक चीर पडते ती येथूनच. पहिल्याच रविवारी तीन सामने आणि प्रत्येकात पूर्ण षटके, हा आपला रिवाज. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड १८ ते २४ चेंडू, तेही पाऊण वेगाने, एवढ्यावर थांबणे कोणत्याही कर्णधाराला अशक्य नाही.

खेळ तोच राहून केवळ पायाखालची जमीन बदलली तरी शरीराच्या दृष्टीने तो खेळ नवा होतो. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गेले तेव्हा त्यांचा पिंड लाल मातीचा होता. गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती. ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीसाठी स्वतःला घडवले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. आज आपली कबड्डीही मातीवरून गादीवर गेली आहे. गावची मुले मातीवर सराव करतात आणि वरच्या पातळीवरचा सामना गादीवर, बूट घालून खेळतात. मातीत पाय थोडा सरकतो आणि पिळ्याचा जोर त्या सरकण्यात जिरतो. गादीवर बूट चिकटून राहतो आणि तोच जोर गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. स्पर्धेपूर्वी निदान पाच-सहा दिवस गादीवर सराव मिळावा, ही मागणी चैनीची नव्हे.

आता उपायाकडे वळू. मी तीन आठवड्यांचा कालावधी मागतो. एवढ्यात कंडरा आणि हाड पुरते घडणार नाही. पण नव्या भाराची ओळख बेताने होईल आणि मोठा धोका टळेल. जुन्या हंगामाचा शेवटचा सामना झाल्यावर चार-पाच दिवस स्पर्धात्मक खेळ बंद असावा. चालणे, सायकल, विहिरीत पोहणे चालेल. त्यानंतर नव्या खेळातील हालचाली ठरलेल्या सरावाच्या तिसऱ्या हिश्शाने सुरू कराव्यात आणि वेग निम्माच ठेवावा. दुसऱ्या आठवड्यात सरावाचे प्रमाण वाढवावे. तिसऱ्यात वेग पूर्ण करावा, पण तेव्हा प्रमाण वाढवू नये. वेग आणि प्रमाण ही दोन्ही एकदम वाढवायची नाहीत, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते. आपल्या जुन्या तालमींना हे ठाऊक होते. नवख्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी शंभर बैठका घालू देत नसत.

या तीन आठवड्यांत दररोज वीस मिनिटांचा व्यायाम पुरे, आणि त्याला साहित्य काहीच लागत नाही. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच हळूहळू खाली नेणे, हा पोटरीसाठी. गुडघ्यांवर उभे राहावे, सोबत्याने मागून घोटे दाबून धरावेत आणि अंग ताठ ठेवून जितके सावकाश येईल तितके पुढे झुकावे, हा धोंडशिरेसाठी. या एका व्यायामाने मांडीच्या मागच्या इजा बऱ्याच कमी होतात, असे फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत दिसून आले आहे. एका पायावर उडी मारून स्थिर उतरणे, आणि उतरताना गुडघा आत न झुकता पंजाच्या रेषेत राहतो की नाही हे शिक्षकाने समोर उभे राहून पाहणे. मुलींच्या बाबतीत हे विशेष काळजीने पाहावे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना असाच वीस मिनिटांचा पाठ देऊन पाहिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण इजा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. वर्तुळात उभे राहून शिटीच्या तालावर मान आणि मनगटे फिरवण्याचा जो विधी आपल्या अनेक मैदानांवर चालतो, त्याने वेळ जातो. मांडी वाचत नाही.

दुखणे दोन प्रकारचे असते, आणि त्यांतला भेद प्रत्येक शिक्षकाला ओळखता आला पाहिजे. नव्या व्यायामाने दुसऱ्या दिवशी सगळी मांडी किंवा सगळी पोटरी ठणकते आणि दोन-तीन दिवसांत ते ओसरते. त्याची चिंता नको. परंतु मुलाने एका बोटाने नेमकी जागा दाखवली, तेथे दाबल्यावर तो कळवळला आणि दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले, तर धावणे त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. १० ते १५ वर्षांच्या, भराभर उंची वाढणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या खाली नडगीच्या उंचवट्यावर दुखते, तेही नाटक नसते. वाढते हाड तेथे ओढले जात असते.

अन्नाचा विषय मी थोडक्यात घेतो, कारण तो आपणास ठाऊक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. खोखोतल्या तुकड्यातुकड्यांच्या धावेत तो कदाचित झाकला जातो; ८०० मीटरला उघडा पडतो. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी मुलगी खरोखर गिळते की दप्तरात ठेवते, हे पाहणे खेळाच्या तयारीतच मोडते.

शाळा सोडलेल्या तरुणांविषयीही बोलले पाहिजे, कारण तेथे पोटाचा प्रश्न आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की वर्षभर क्रिकेट खेळणारा किंवा काहीच न खेळणारा मुलगा दुसऱ्या पहाटेपासून डांबरी सडकेवर रोज पाच किलोमीटर पळू लागतो. महिन्याभरात नडगी दुखते. तो गरम तेल चोळून, पट्टी बांधून पळतच राहतो. चीर पडली की सहा ते आठ आठवडे विश्रांती घ्यावी लागते, आणि तोवर भरतीची तारीख निघून गेलेली असते. एखाद्याची वयोमर्यादाही उलटते. अशा मुलांना कोणी मार्गदर्शक नसतो. गावच्या शाळेतील शिक्षकाने त्यांना एवढेच सांगावे की जाहिरातीची वाट न पाहता आधीच सुरुवात करा, मातीच्या वाटेवर पळा, आठवड्यातून तीनच दिवस, आणि पहिले पंधरा दिवस दोन मिनिटे धाव व दोन मिनिटे चाल.

माझ्या बोलण्याचा अर्थ मुलांना एकाच खेळाला बांधून टाका, असा कृपया घेऊ नये. तसे करणे अधिक घातक आहे. वर्षभर एकच खेळ खेळणाऱ्या मुलाचे तेच सांधे बारा महिने झिजतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी आणि कोणत्याही एका खेळापासून वर्षातून एकूण दोन ते तीन महिने विश्रांती अशी शिफारस केली आहे. खेळ बदलणे चांगलेच; घाई वाईट. आणि ही घाई मुलांची नसते. एकाच मुलाचे नाव चार संघांच्या यादीत आपण घालतो, कारण प्रत्येक शिक्षकाला आपला संघ जिंकलेला हवा असतो. मुख्याध्यापकांनी प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवावी. त्याने कोणत्या तारखेला कोणता सामना खेळला, काय दुखावले आणि पुढचा खेळ केव्हा सुरू केला, याची त्यात नोंद असावी. ती वही पाहिल्याशिवाय नव्या संघाच्या यादीवर सही करू नये. स्पर्धांच्या तारखा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांघिक खेळांची जिल्हा पातळी आणि मैदानी स्पर्धांची तालुका पातळी यांत तीन आठवडे मोकळे ठेवता येतील का, हे पाहावे.

ग्रामपंचायतींकडे माझे मागणे अगदी लहान आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेने दगडगोटे वेचून मातीची एक धावपट्टी आखून द्या आणि लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू खणून मोकळी करा. हे काम दिवाळीनंतर, गवत कापून झाल्याबरोबर करावे लागते. त्यापूर्वी जमीन ओली असते, रोलर रुततो. आणि पौष उजाडला की काळी माती भेगाळून इतकी कठीण होते की तिच्यावर कुदळही उसळी घेते.