शिपायांच्या थडग्यांवरील फुलें



पितृपंधरवड्यांत आपण वाडवडिलांची आठवण करतों. पण जो गडी लढाईंत पडला, ज्याला घरच्यांचा खांदाहि मिळाला नाहीं, त्याची आठवण कोणीं करावी? अमेरिकेंत त्यासाठीं एक दिवस नेमला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं तेथें देशभर सुटी असते. हा दिवस कसा निघाला तें ऐका.

त्या देशाच्या दक्षिण भागांतले बडे जमीनदार काळ्या माणसांना गुरांसारखे विकत घेऊन कापसाच्या शेतांत राबवीत. ही गुलामगिरी टिकावी म्हणून त्यांनीं देश फोडला. १८६१ ते १८६५ युद्ध झालें. सहा लाखांवर माणसें मेलीं. उत्तरेच्या फौजेंत सुमारें १,८०,००० काळे शिपाईहि होते.

दक्षिणेंतील चार्ल्सटन शहरीं घोड्यांच्या शर्यतीचें मैदान होतें. तेथें उत्तरेचे कैदी उघड्यावर कोंडले होते. रोगराईनें २५७ जण मेले. त्यांना एकाच खड्ड्यांत लोटलें. युद्ध सरतांच २८ काळ्या मजुरांनीं तीं प्रेतें काढून एकेकाला निराळी माती दिली व भोंवतीं उंच कुंपण घातलें. १ मे १८६५ रोजीं सुमारें १०,००० माणसें तेथें जमलीं. बहुतेक कालचे गुलाम! पुढें शाळेचीं ३,००० मुलें, हातांत गुलाबाचीं फुलें. थडगीं फुलांनीं झांकून गेलीं.

पुढें शिपायांच्या संघाचे मुख्य जॉन लोगन यांनीं ३० मे १८६८ हा दिवस थडगीं सजविण्यासाठीं ठरविला. प्रथम तो उत्तरेच्या शिपायांचा होता. पहिल्या महायुद्धानंतर सर्व युद्धांतील मृतांचा झाला. १९७१ पासून तो सोमवारीं पाळतात. त्या दिवशीं निशाण दुपारपर्यंत अर्ध्यावर असतें, मग पूर्ण चढवितात. अर्लिंग्टनच्या स्मशानभूमींत प्रत्येक थडग्याशीं लहान निशाण रोंवतात. तिसऱ्या प्रहरीं तीन वाजतां लोक क्षणभर स्तब्ध राहतात.

आतां मुद्याची गोष्ट. या दिवसाच्या जन्माचा मान १९६६ मध्यें सरकारनें वॉटर्लू या गांवाला दिला. चार्ल्सटनच्या मजुरांना सारे विसरले होते! डेव्हिड ब्लाइट या इतिहासकारानें जुने कागद धुंडाळून २००१ सालच्या ग्रंथांत ती हकीकत उजेडांत आणली. माती देणारे हात कष्टकऱ्यांचे, आणि बखरींत नांव मात्र दुसऱ्याचें! हें आपल्याला नवें आहे काय? जोतीरावांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या मुक्त झालेल्यांचेंच हें काम आहे.

आपल्याकडील पुष्कळ गांवांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतींत एक दगडी पाटी बसविलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धास या गांवचे इतके गेले, पैकीं इतके मेले, एवढेंच तीवर असतें. आंकडा आहे, नांव नाहीं. ते कुणब्याचे, महाराचे, रामोशाचे, सुताराचे मुलगे होते. तर बाबांनो, घरीं जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुनीं पेन्शनचीं कागदपत्रें पाहा, आणि तीं नांवें शाळेच्या वहींत मुलांकडून लिहवून घ्या. फुलांना पैसा पडत नाहीं. नांव आधीं ठाऊक पाहिजे.