आधी पाणी, मग तेल



लष्कराने वापरातून काढलेल्या जुन्या रायफली अमेरिकेत लोक हौसेने विकत घेतात. त्यांत आपल्या बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यातल्याही आहेत. त्यांच्या लोखंडावर मुद्दाम चढवलेला काळा थर असतो. तांबडा गंज लोखंड खातो, काळा थर त्याला राखतो. पॉलिश पेपरने घासले तर दोन्ही जातात. जाणकार माणूस तेल मुरू देतो आणि हलक्या हाताने फक्त तांबडा गंज उचलतो.

नळीची गोष्ट वेगळी. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत खार उरे, तो हवेतली ओल ओढी. खार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून इंग्रजांचे शिपाई नळीत उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत.

आता आपल्या पेरणी यंत्राची खताची पेटी बघा. बहुतेक रासायनिक खते हीही खारच. वरून तेल चोळून यंत्र कोपऱ्यात ठेवले, तर आतून गंज चालूच राहतो. आधी पाणी, मग ऊन, मग तेल. कोरडवाहू गावात बादलीभर पाणीही महाग, हे खरे. पण नवे यंत्र त्याहून महाग आहे, आणि ते कापूस विकूनच घ्यावे लागते.