दूरच्या वाचकाचें ग्रंथालय

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभा राहिलेला प्रत्येक मनुष्य एकच प्रश्न विचारतो : हें झालें कसें? १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर ज्वालामुखीचें नसून उल्काघाताचें आहे, याचा भक्कम पुरावा १९७३ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. २०२० च्या जूनमध्यें येथील पाणी गुलाबी झालें, तेव्हां खाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचें संशोधकांनीं दाखविलें.

आतां अशी कल्पना करावी कीं, लोणारच्या एका विद्यार्थिनीस या सरोवरावर निबंध लिहावयाचा आहे. तिचें विद्यापीठ अमरावतीस, म्हणजे दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथील ग्रंथालयाशीं तिची भेट व्हावयाची ती बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच. अशा वाचकाच्या दृष्टीनें संकेतस्थळ ही ग्रंथालयाची पाटी नव्हे; तेंच त्याचें दार होय.

देशांतील पुष्कळ ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर मात्र प्रथम इमारतीचें छायाचित्र दिसतें, मग समित्यांची नांवें, मग परिपत्रकें. पुस्तक शोधण्याची चौकट कोठें तरी कोपऱ्यांत असते. तींत मराठींत ‘लोणार’ असें लिहावें, तर नोंदी रोमन लिपींत असल्यामुळें उत्तर शून्य येतें. येथेंच खरी हानि होते. पुस्तक नसणें आणि पुस्तक न सांपडणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पण पडद्यावर दोहोंचें उत्तर एकच दिसतें. वाचक मुकाट्यानें निघून जातो आणि ग्रंथालयास त्याचा पत्ताही लागत नाहीं. समोरासमोर असता, तर ग्रंथपालानें ‘दुसऱ्या नांवाखालीं पाहूं’ असें सहज सांगितलें असतें.

वाचकाचा वेळ वाचवावा, हें ग्रंथालयशास्त्राचें सूत्र रंगनाथन यांनीं १९३१ सालींच सांगून ठेविलें आहे. तें येथें लावावें. प्रत्येक नोंदीस देवनागरी रूप जोडावें. शोध निष्फळ झाल्यास पर्यायी शब्द सुचवावे आणि ग्रंथपालास विचारण्याची सोय त्याच पानावर असावी. विषयवार मार्गदर्शक पानें करावीं. लोणारच्या एका पानावर भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि दैत्यसूदन मंदिराचें स्थापत्य हीं तिन्ही एकत्र नांदावीं, कारण जिज्ञासा शाखा पाहून उत्पन्न होत नाहीं. ‘शोधगंगा’ या भांडारांत देशभरचे प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. तिकडची वाटही तेथेंच दाखवावी.

याला मोठा खर्च लागतो असें नाहीं. नील्सन या तज्ज्ञानें २००० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पांच वाचकांना प्रत्यक्ष वापर करतांना पाहिलें, तरी बहुतेक दोष उघडे पडतात. विद्यापीठानें खेड्यांतल्या पांच विद्यार्थ्यांना बोलवावें, त्यांच्या हातीं त्यांचेच भ्रमणध्वनी असावे आणि ग्रंथपालानें कांहीं न सुचवितां शेजारीं बसावें. त्यांचीं बोटें जेथें अडखळतील तेथें दुरुस्ती करावी.

काठावर उभ्या राहिलेल्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर कपाटांत पडून आहे. तें तिच्यापर्यंत पोहोंचत नसेल, तर तिच्यापुरतें तें लिहिलेंच गेलें नाहीं, असें म्हणावें लागेल.