चवदार तळ्याभोवती पायी

महाडला मी पहिल्यांदा आलो तो कॉलेजात नाव घालायला. आमचं गाव समुद्राकडचं, खाडीच्या तोंडाशी. महाडला मामू राहायचे, म्हणून बी.ए. महाडला झालं. ती सगळी वर्षं चवदार तळ्याच्या काठानं रोज ये-जा केली. रोज केली, म्हणूनच तळं पाहिलं नाही. पुढे चार कविता छापून आल्यावर लोक विचारायचे, "तुम्ही महाडला शिकलात, तळ्यावर काही लिहिलंत का?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

गेल्या हिवाळ्यात मात्र ठरवून गेलो. एसटीतून उतरलो, रिक्षावाल्यांना हात जोडले आणि चालू लागलो. महाड हे चालण्याचंच गाव आहे. बाजारातल्या अरुंद गल्ल्या, नव्या इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली कौलारू घरं, आणि भिंतींवर पुराच्या खुणा. जुलै २०२१ च्या पुराची रेघ एका दुकानदारानं मला हात वर करून दाखवली. सावित्री आणि गांधारीच्या कुशीत राहणाऱ्या या गावाला पाण्याचं कौतुक कमी आणि धाक जास्त.

तळ्याला फेरी मारायला रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं पुरतात. ही फेरी माझ्याआधी एका न्यायाधीशानं मारली असावी असं मला नेहमी वाटतं. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. निकालात त्यांनी तळ्याचं वर्णन केलंय ते असं: चार-पाच एकरांचं, काही निसर्गानं केलेलं, काही माणसांनी, चारी बाजूंनी नगरपालिकेचा रस्ता, रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंची घरं आणि अगदी थोडी मुसलमानांची. अस्पृश्यांचं घर मात्र जवळपास एकही नाही.

ती 'अगदी थोडी मुसलमानांची' घरं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

१९२७ ची हकिकत तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. पण कागदावरचं तळं आणि गावातलं तळं यांत अंतर होतं. ते अंतर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चालून गेली आणि पाणी प्याली. मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली, आणि परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या दिवशी मुसलमानांच्या घरांतून अनेकांना आसरा मिळाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. आमच्या घरात या दोन गोष्टी ईदच्या शिरखुर्म्यासारख्या वाढल्या जायच्या. मीही त्या कॉलेजात मित्रांना मोठ्या ऐटीत ऐकवायचो.

नानीचं माहेर महाडचं. १९२७ साली ती दहा-बारा वर्षांची असेल. मी एकदा तिला विचारलं, "नानी, तू तळ्यावर पाणी भरायला जायचीस?"

"मग कुठं जाणार?"

"कुणी अडवलं नाही?"

"आमाला कोन अडवणार?"

मी तेव्हा हसलो होतो. खरंच कोण अडवणार होतं! मुसलमान, ख्रिस्ती, कुणीही त्या तळ्यावर पाणी भरू शकत होतं. गुरंढोरंसुद्धा. बंदी होती ती एकट्या अस्पृश्यांना. म्हणजे आसरा देणाऱ्या घरांतला रांजण त्याच तळ्याच्या पाण्यानं भरलेला असायचा, आणि आदल्या कित्येक पिढ्यांत 'यांना का नाही?' असं आमच्यापैकी कुणी विचारल्याचं घरात तरी कधी ऐकलं नाही. तो पुढचा प्रश्न नानीला विचारायला हवा होता. मी विचारला नाही आणि ती गेली.

डिसेंबरातल्या फेरीविषयी मात्र लोक कमी बोलतात. मोटारवाल्यांनी न्यायला नकार दिलाच तर चालत जाता यावं, म्हणून बाबासाहेब शेकडो लोकांसह बोटीनं दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला आले. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. पण तळ्याबाबत विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणलेला होता. तेव्हा हजारो माणसांची मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता शिस्तीत मंडपात परतली. मार्चमध्ये डोकं फुटलेली माणसंही त्यांत असतीलच. पाणी पिणं अवघड होतं हे खरं, पण हाताच्या अंतरावरच्या पाण्याला वळसा घालून परत जाणं मला त्याहून अवघड वाटतं. त्यानंतर निकालाला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे, हे काही वादींना सिद्ध करता आलं नाही.

मी तीच फेरी पुरी करून पायऱ्यांवर टेकलो. परभणीकडून आलेलं एक कुटुंब पुतळ्यापाशी फोटो काढत होतं. त्यातला एक तरुण बाटलीत पाणी भरून घेत होता. माझं नाव कळल्यावर म्हणाला, "तुमच्या लोकांनी तेव्हा आसरा दिला होता ना? वाचलंय आम्ही."

हो म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, नानीचंही सांगितलं. हंडा, रांजण, 'आमाला कोन अडवणार', सगळं. त्यानं ऐकून घेतलं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पिशवीत ठेवली.

"क्रांतिस्तंभाकडे कसं जायचं, काका?"

"चला, मीही तिकडेच निघालोय," म्हटलं. त्याची आई गुडघ्यांनी अधू होती, म्हणून आम्ही हळूहळू चाललो.