परवाना परदेशचा, आकाश येथलें

विमान उडविण्याची विद्या जगांत सर्वत्र एकच आहे. मग एका देशानें दिलेला वैमानिकाचा परवाना दुसऱ्या देशांत जशाचा तसा कां चालत नाहीं, असा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो. मुलगा वडिलांची पुंजी खर्चून परदेशीं व्यावसायिक वैमानिक होतो, आणि परत आल्यावर त्याला पुन्हां परीक्षेस बसावें लागतें. हा दप्तरी जाच आहे, असें घरच्यांना वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या मुलाला पुढें विमानविद्येचा शिक्षक व्हावयाचें असेल, तर या परीक्षांचा अर्थ त्यानें चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे पाहून समजून घ्यावा.

प्रथम नियम पाहावे. १९४४ च्या शिकागो करारानें प्रत्येक राष्ट्राची आपापल्या आकाशावरील सत्ता मान्य केली. करारांतील दुसऱ्या राष्ट्राचा चालू परवाना असल्यास भारताचें नागरी विमानवाहतूक महासंचालनालय तिकडील उड्डाण वायां गेलें असें मानीत नाहीं. एकंदर २०० तासांचें उड्डाण, त्यांत १०० तास मुख्य वैमानिक म्हणून, ही अट परदेशच्या नोंदवहीवरूनही पुरी होऊं शकते. मात्र हवाई नियमांची एक, आणि दिशाशोधन व हवामान यांची एक संयुक्त, अशा दोन लेखी परीक्षांत शेंकडा ७० गुण मिळवावे लागतात. शिवाय पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, रेडिओवर बोलण्याचा परवाना, आणि दिवसा व रात्रीं प्रत्यक्ष उड्डाणाची कसोटी आहेच.

आतां चंद्रपूरजवळील मोरव्याची धांवपट्टी डोळ्यांपुढें आणावी. हा मुलूख समुद्रसपाटीपासून अवघा सुमारें ६०० फूट उंच. पण वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. हवा तापली कीं विरळ होते. गणितानें पाहिलें, तर त्या दुपारीं चंद्रपूरची हवा महाबळेश्वराच्या उंचीवरील थंड हवेइतकी विरळ असते. पंखांना आधार कमी, इंजिनाला जोर कमी. म्हणून धांव लांबते आणि चढ मंदावतो. थंड देशांत शिकलेल्या हातांना ही गोष्ट पुस्तकांतून ठाऊक असते, अंगवळणीं पडलेली नसते. ओझें कमी घ्यावें, पहाटेची वेळ साधावी, हा विवेक हवामानाच्या अभ्यासांतूनच येतो.

वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोलीचें अरण्य लागतें. तेथें खालीं मैलोगणती एकच हिरवा पट दिसतो, आणि इंजिन बंद पडलें तर उतरण्याजोगें शेत सहज सांपडत नाहीं. वाटाड्या एकच: नदी. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचापाशीं गोदावरीस मिळते. उन्हाळ्यांत वणव्यांच्या धुरानें ही खूणही पुसट होते. नकाशा, वेळ आणि इंधन यांचा हिशेब चुकला, तर येथें क्षमा नाहीं.

परवाना बदलून मिळाला म्हणजे शिक्षकाचा अधिकार मिळाला, असें मात्र नव्हे. त्यासाठीं वेगळी पात्रता व वेगळी कसोटी आहे. आरंभीं साहाय्यक शिक्षक म्हणून अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीं शिकवावें लागतें. साहाय्यकाला एक परवानगी देतां येत नाहीं: विद्यार्थ्यानें प्रथमच एकट्यानें विमान आकाशांत नेण्याची. तो शब्द पूर्ण शिक्षकानेंच द्यावयाचा.

या एका बंधनांत साऱ्या परीक्षांचें मर्म आहे. वैमानिकाची चूक त्याच्याबरोबर विमानांत असते. शिक्षकाची चूक एकट्या विद्यार्थ्याबरोबर वर जाते, आणि शिक्षक खालीं धांवपट्टीच्या कडेला उभा राहतो. कोणाचें तरी लेकरूं त्या तापलेल्या, विरळ हवेंत सोडण्यापूर्वीं ती हवा आपण ओळखतों काय, एवढेंच या परीक्षा विचारतात. तो प्रश्न परदेशच्या परवान्याचा अपमान करीत नाहीं. येथल्या आकाशाशीं त्याची ओळख करून देतो.